शेऱ्याच्या रकान्यातला 'शे'

जीवराम निंबा पाटील हा नात्याने माझा दीर, यांचा चुलतभाऊ. देवपूरच्या आमच्या घरात पुढच्या खोलीत तो नऊ वर्षं राहिला आणि माझ्या हातचं जेवला. त्याच्याविषयी लिहायचं तर जरा सांभाळून लिही, असं हे म्हणतात. मी सांभाळणार नाही. ज्याला नऊ वर्षं तव्यावरची भाकरी वाढली त्याला मी ओळखते, आणि गुळगुळीत लिहायला मी काही त्याच्या सत्कार समितीत नाही.

माणूस म्हणून तो वाईट नाही. सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा आठ दिवस त्यांच्या डोळ्यांत औषध त्यानेच घातलं, तेही घड्याळ लावून. पण वाईट माणसाचा निदान राग येतो, आणि राग कधीतरी ओसरतो. जीवरामचा मला राग येत नाही. त्याचं नाव निघालं की ताकात पडलेली माशी बोटाने बाजूला काढताना होतं तसं तोंड होतं.

गाव हिवरखोरी, धुळ्याहून एस.टी.ने दोन तास. तो चार वर्षांचा असताना आई गेली. वडील निंबानाना अर्धे शेतात आणि अर्धे भजनात. पोराला वाढवलं ते निंबानानांच्या बहिणीने, द्रौपदाबाईने. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. ही फुई ऐन पंचविशीत कुंकू पुसून माहेरी आलेली, अंगाने दणकट आणि सातवी पास. गावात अंगणवाडी सुरू झाली तेव्हा सातवी पास झालेली बाई तीच एक, म्हणून तीच सेविका झाली. मी तिला अक्का म्हणते. कडुनिंबाच्या फांदीला वजनकाटा टांगून ती एकेक पोर झोळीत बसवायची. पण त्याआधी पोर कडेवर घेऊन नुसत्या अंदाजाने वजन सांगायची, आणि काटा बहुतेक वेळा तिचंच ऐकायचा.

जीवराम कॉलेजसाठी आमच्याकडे आला ते साल त्र्याऐंशी. त्याच्या ट्रंकेत दोन शर्ट होते आणि अक्काने दिलेल्या बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा डबा.

पुढचं सांगण्याआधी एका शब्दाविषयी सांगायला हवं. माझं माहेर सावद्याचं. तिकडची बोली वेगळी, धुळ्याकडची अहिराणी वेगळी. लग्न होऊन आले त्या आठवड्यात सासूबाई चुलीपुढून ओरडल्या, "मीठ शे का वं डबामा?" मला वाटलं शेरभर मीठ मागतायत. मी बी.ए. झालेली सून, मापटं भरून मीठ घेऊन गेले. त्या पोट धरून हसल्या. मग जवळ बसवून म्हणाल्या, "शे म्हंजे आहे, वं बाई. तू शे, मी शे, डबामा मीठ शे. इतलंच." मला तो शब्द फार आवडला. 'आहे' म्हणायला दोन अक्षरं लागतात, यांचं असणं एकात होतं.

जीवरामला याच शब्दाने घायाळ केलं. कॉलेजच्या पहिल्याच हजेरीला सरांनी नाव पुकारलं आणि हा खेड्यातला पोरगा उभा राहून मोठ्याने म्हणाला, "शे, सर!" वर्ग खदखदून हसला. नंतर दोन वर्षं मुलं त्याला 'शेसर' म्हणत. जिन्यात, कँटीनमध्ये, सायकलच्या स्टँडवर, कुठेही. त्या दिवशी घरी आला तो जेवला नाही. मला तेव्हा त्याची फार दया आली. डोक्यावरून हात फिरवला, म्हटलं, "भाऊजी, हसू द्या. चार दिवसांनी विसरतील." मुलं विसरली असतील. हा नाही विसरला.

त्या दिवसापासून त्याने अहिराणी अशी टाकली की जणू अंगावरची खरूज. गावाला फोन करायचा तर पोस्टात उभा राहून तो फुईशीही पुस्तकी मराठीत बोले, आणि ती बिचारी पलीकडून ओरडे, "कोन बोली ऱ्हायनं?" कोण बोलतंय, म्हणून. अहिराणीत ळ नाही, डोळ्याला डोया म्हणतात. म्हणून हा जिथे य दिसेल तिथे ळ घालायचा. एकदा पाहुण्यांना म्हणाला, "तुमच्या मुक्कामाची सोळ करतो." पाहुणे सोळा काय ते मोजत बसले. पुढे पुण्याला वर्षभर कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि परत आला तो 'जे. एन. पाटील' होऊन. आमच्या दारावरच्या पाटीखाली त्याने स्वतःची छोटी पाटी लावली. हे म्हणाले, "बरं झालं, पोस्टमनला आता कळेल आत कुणी मोठा माणूस राहतो."

एक्याण्णव साली देवपुरात एका भाड्याच्या बंगल्यात बालसेवा माहिती केंद्र निघालं. पुण्याच्या एका संस्थेचं काम, साहेबही पुण्याचेच. कल्पना खरोखर चांगली होती. एका मुलाची वजनं अंगणवाडीच्या वहीत, लसी नर्सबाईंच्या वहीत, आणि जन्म किंवा मरण तिसऱ्याच वहीत. या वह्या एकमेकींशी कधी बोलत नसत. केंद्राने त्या सगळ्या एका मशीनमध्ये घालायच्या, प्रत्येक मुलाला नंबरचं कार्ड द्यायचं, म्हणजे मूल कुठेही गेलं तरी त्याची माहिती त्याच्या मागोमाग जाईल. सुरुवात चौथ्या श्रेणीच्या मुलांपासून. चौथी श्रेणी म्हणजे वजनाने सगळ्यात खालची, बरगड्या लांबून मोजता येतील अशी मुलं. त्यांना अंगणवाडीत दुप्पट आहार, आणि शहरातल्या दवाखान्यात चार खाटा राखून ठेवलेल्या. खाट मिळायची ती कार्डाच्या नंबरावर.

जीवराम तिथे ऑपरेटर म्हणून लागला. दुपारची मोकळी असायची म्हणून मीही कार्डं लिहायला जाऊ लागले, हौसेने. मशीनची खोली थंडगार. दाराशी चपला काढायच्या, आणि त्या नीट लावायला वना नावाचा शिपाई. जीवराम मशीन सुरू करायचा तो देवाची मूर्ती उघडल्यासारखा. आधी कापडी बुरखा काढायचा, त्याची चौघडी घालायची, हातरुमालाने पडदा पुसायचा. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं आली की आमच्याकडे असा वळून पाहायचा, जणू त्यानेच ती आतून ढकलली. मशीनला मराठी येत नव्हती, सगळं इंग्रजी अक्षरांत. याचा त्याला फार अभिमान.

याद्या एकत्र केल्यावर एक अडचण आली, आणि ती आमच्या मुलखाची खास होती. ज्या घरात मुलं जगत नाहीत तिथे पुढचं मूल झालं की आई पाच घरी पदर पसरते, मूठ मूठ धान्य मागते, आणि मुलाचं नाव ठेवते भिकन. भीक मागून मिळालेला. किंवा चिंधा, म्हणजे चिंध्यांत गुंडाळलेला. मरणाने पाहावं, नाक मुरडावं आणि पुढच्या दाराला जावं म्हणून असली नावं. हिवरखोरीच्या मंजुळाबाईचा पहिला मुलगा भिकन, दीड वर्षाचा होऊन गेला. दुसरा झाला, तोही पदर पसरूनच घेतलेला, मग तोही भिकनच. बापाचं नाव चिंधा. नाव तेच, बाप तोच, गाव तेच. मरणाच्या यादीत भिकन चिंधा, वजनाच्या यादीत भिकन चिंधा. मशीनने दोन्ही शेजारी ठेवले आणि विचारलं, हा तोच का?

मशीनचा प्रश्न रास्त होता. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे सगळ्यांनी खापर मशीनवर फोडलं.

साहेबांनीही रीतसर काम केलं. अशी जेवढी नावं निघाली तेवढ्यांचे कागद हाताने मराठीत लिहून गावोगावच्या सेविकांकडे पाठवले. वर मुलाचं नाव, खाली प्रश्न: 'सदर बालक हयात की मयत?' आणि समोर शेऱ्याचा रकाना. मग मी भावाच्या लग्नासाठी सावद्याला गेले. परत यायला तीन आठवडे लागले, केळीच्या बागेतलं लग्न आणि मागे पाहुण्यांची सरबराई.

परत आले त्या संध्याकाळी जेवताना जीवराम खुशीत होता.

"एक गंमत सांगू, वहिनी? तपासणीचे कागद आले ना गावाकडून. हयात की मयत विचारलेलं, तर अडतीस कागदांवर नुसतं 'शे'. सर म्हणाले, हे 'शे' काय आहे?"

"मग?"

"मग काय, सगळे माझ्याकडे बघायला लागले. म्हटलं, शेवट झाला असं लिहायचं असेल, सर. गावातल्या बायका, लिहितात अर्धवट."

वाढायचा डाव माझ्या हातात तसाच राहिला. "भाऊजी, असं सांगितलंत तुम्ही?"

"पटकन सुचलं."

"आणि साहेबांनी काय केलं?"

"त्यांनी तसंच भरायला सांगितलं. मयतचा एम. अडतीस एम."

"अहो, पण तुम्हाला 'शे' माहीत नाही?"

तो भाकरीचा तुकडा वाटीत बुडवत राहिला. "करतो ना दुरुस्त. सांगतो सरांना योग्य वेळी."

हे पेपरमागून म्हणाले, "योग्य वेळ म्हणजे कोणती रे? पोरांचे तेरावे झाल्यावर?"

जीवराम हसला. त्याला वाटलं, विनोद झाला.

मी स्वतः दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगू शकत होते. नाही सांगितलं. हजेरीची ती जखम मला ठाऊक होती. वाटलं, ज्या तोंडाने चुकला त्याच तोंडाने सुधारू दे, माणसाला तेवढी संधी द्यावी. रोज संध्याकाळी विचारायचे, "सांगितलंत?" आणि तो म्हणायचा, "आज सर गडबडीत होते." मी धीर धरला. माझा तो सोशिकपणा नातेवाइकांत नावाजलेला आहे. आज त्याचीही मला तेवढीच किळस येते.

पंधरा दिवसांनी जीवराम पेढे घेऊन आला. मी विचारलं, "कशाचे?"

"तिमाहीचा अहवाल गेला. चौथ्या श्रेणीची मुलं एकदम कमी झाली. वरून शाबासकीचं पत्र आलंय सरांना. सरांनीच वाटले."

पेढा तोंडात टाकल्यावर मी विचारलं, "कितीने कमी झाली?"

"अडतीसने."

मी म्हटलं, "भाऊजी, ती कमी नाही झाली. ती तुम्ही मारलीत."

"तसं नसतं ते, वहिनी. मयत दाखवली की ती कुपोषणातून वजा होतात. मृत्यू आरोग्याच्या रकान्यात जातात. आपल्याकडे नाही येत." शाळेतल्या मुलाला हातचा एक समजावून सांगावा तसं त्याने मला ते समजावून सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. लबाडी असती तर मला बरं वाटलं असतं.

त्याच आठवड्यात, बुधवारी सकाळी दारात आवाज आला, "घरमा शे का वं कोनी?"

अक्का होती. एका कडेवर पोर, मागे पोराची आई मंजुळाबाई, दोघींच्या पायांवर एस.टी.स्टँडपासूनची धूळ. अक्काने पोराला माझ्या ओसरीवर ठेवलं. दोन वर्षांचा मुलगा, पण बसवला की बाजूला कलत होता. डोकं मोठं, पावलं सुजलेली, त्वचा जुन्या पिशवीसारखी. मी बिस्किट दिलं तर ते धरून नुसता माझ्याकडे बघत राहिला.

"पाच किलोवर एक छटाक," अक्का म्हणाली. "महिनापहिले सहा व्हता. दुप्पट आहार बंद करी दिन्हा त्यास्नी. दवाखानामा लई गऊ, तठला बाबू म्हने, पोऱ्या यादीमा मरेल शे, मरेल पोऱ्याले खाट कशी दिऊ? मी म्हनं, दादा, मरेल पोऱ्या मना लुगडावर मुतना कसा?"

'मरेल', म्हणजे मेलेला, हा शब्द पुन्हा ऐकून मंजुळाबाई पदराआड रडत होती. एक भिकन तिने आधी पुरला होता, आणि आता कुणीतरी कागदावर दुसराही पुरला होता. दवाखान्यात गेल्या त्या दिवशी डॉक्टरांनी बाहेरूनच औषध देऊन सांगितलं होतं, की खाटेवर ठेवून चोवीस तास बघावं लागेल, नाहीतर आठ दिवससुद्धा सांगवत नाही. केंद्रातून नाव दुरुस्त करून आणा, लगेच घेतो.

"कागदवर मी सोता लिखं व्हतं," अक्का म्हणाली. "जित्ता शे म्हनीसन लिखं, शे. आखो काय लिखू? ढोल वाजाडीसन लिखू का?"

मला गप्प बसता आलं असतं. केंद्रात चूक झाली, म्हणून सोडून देता आलं असतं. पण गप्प बसण्याचं माझं पुरेसं झालं होतं. मी सगळं सांगितलं. 'शेवट'ही सांगितला, आणि तो कुणी केला तेही.

अक्काने कलतं पोर सरळ बसवलं. मग म्हणाली, "जीवराम म्हने?"

"हो."

"मना जीवराम?"

मी मान हलवली. तिने पोराच्या हनुवटीवरचा बिस्किटाचा भुगा पदराने पुसला, त्याला उचललं आणि म्हणाली, "चाल."

केंद्राच्या दाराशी वनाने आमच्या चपला घेतल्या. आतल्या गारठ्याने पोर शहारलं, तसं अक्काने त्याला लुगड्याच्या पदरात गुंडाळलं. साहेब टेबलाशी होते. जीवराम मशीनपुढे, आमच्याकडे पाठ. अक्काचा आवाज त्याने दारातूनच ऐकला असणार, कारण त्याची बोटं थांबली. पण तो वळला नाही.

"या कोण?" साहेबांनी मला विचारलं. माणूस सभ्य होता, उठून उभा राहिला.

"हिवरखोरीच्या सेविका, द्रौपदाबाई." नातं मी सांगितलं नाही. ते सांगणारा तिथे बसला होता.

अक्का सरळ मशीनकडे गेली आणि पोराला टेबलावर, अक्षरांच्या बटणांशेजारी बसवलं. एक हात त्याच्या पाठीला लावून म्हणाली, "साहेब, हाऊ भिकन चिंधा. हाऊ शे."

साहेबांना कळलं नाही. "काय म्हणतायत त्या, पाटील?"

मशीनचा पंखा घरघरत होता. जीवरामच्या मानेवर घाम दिसत होता, त्या गारठ्यात. मला अजून आठवतं, मी मनात म्हणत होते, बोल रे बाबा. आता तरी बोल. ही माझी फुई आहे म्हण, मला माहीत होतं म्हण, लाज वाटली म्हण. कुणी हसणार नाही.

"सर, त्या म्हणतात की हा मुलगा आहे."

"आहे म्हणजे?"

"म्हणजे जिवंत आहे. शे म्हणजे आहे, सर. अहिराणीत."

साहेब त्याच्याकडे बघत राहिले. "मग त्या दिवशी तुम्ही शेवट म्हणालात ते? तुम्ही इकडचेच ना?"

"मी धुळ्यातच वाढलो, सर. गावाकडचं मला तेवढं कळत नाही. हे आत्ता या बाईंनी सांगितलं म्हणून समजलं."

या बाईंनी.

जिने त्याला चार वर्षांचा असताना कडेवर घेतला, गोवरात मांडीवर घेऊन बसली, ज्या डब्यातले बिबडे खाऊन तो बी.एस्सी. झाला तो डबा जिने बांधला, ती 'या बाई'. अक्काला शहरी मराठी न कळायला ती काही परदेशी नव्हती. सातवीपर्यंत तिने याच मराठीतली पुस्तकं वाचली होती. पण तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तेवढ्यात भिकनने हात टेकवला आणि त्याच्या बोटाखाली पडद्यावर एकाच अक्षराची लांबलचक रांग उमटत गेली.

"देखा, साहेब," अक्का म्हणाली, "मरेल पोऱ्या लिखी बी ऱ्हायना."

साहेब हसले, आणि हसता हसता त्यांचा चेहरा उतरला. "किती होते असे कागद?"

"अडतीस," जीवराम म्हणाला.

"सगळे काढा. आत्ता. आधी हा."

जीवरामने भिकनचं पान उघडलं, एमच्या जागी एच केला आणि बटण दाबलं. मुलगा जिवंत झाला. साहेबांनी दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहून सही केली. वनाने चहा आणला तोवर बाकीचे सदतीसही उठून बसले होते. महिनाभर ज्यासाठी योग्य वेळ मिळत नव्हती त्या कामाला लागला अर्धा तास.

चपला घालताना वना मला हळूच म्हणाला, "ताई, शे म्हंजे आहे, हे मले बी माहीत व्हतं. पन मले कोनी इचारंच नई."

दुपारी बारापर्यंत भिकन खाटेवर होता. एकवीस दिवस राहिला आणि साडेसहा किलो होऊन, केस विंचरून घरी गेला. पुढे शाळेतही गेला.

मशीनविषयी माझं मत आजही चांगलं आहे. पुढच्याच वर्षी हिवरखोरीची चार कुटुंबं ऊसतोडीला चाळीसगावकडे गेली, तेव्हा त्याच मशीनच्या नंबरावरून तिथल्या अंगणवाडीने मुलं ओळखली आणि एकाचीही लस चुकली नाही. त्याला जे सांगाल ते ते धरून बसतं, एवढाच त्याचा दोष, आणि तो तर चांगल्या माणसांतही असतो.

जीवरामचं काय झालं तेही सांगून टाकते. काही झालं नाही. वर गेलेला अहवाल कुणी परत मागवला नाही. पुढच्या तिमाहीत 'अडतीस बालके नव्याने आढळली' असं लिहिलं, की हिशेब जुळला. साहेबांनी ठरवलं की स्थानिक बोलीतल्या शब्दांची यादी हवी. ती कुणी करायची? जीवरामने केली. सोळा पानी पुस्तिका, 'बोलीभाषा संकेतसूची, संकलक जे. एन. पाटील', आणि पहिल्याच पानावर 'शे'. मुंबईच्या सभेत त्याने ती वाचून दाखवली आणि टाळ्या घेतल्या. मला सही करून एक प्रत दिली. आमच्या गव्हाच्या कोठीचा एक पाय आखूड आहे, त्याखाली ती बरोबर बसली. पुढे लग्न झालं, नाशिकला बदली झाली, आता त्याच्या हाताखाली सहा ऑपरेटर आहेत. त्याची मुलगी मला 'आंटी' म्हणते. पाटी मात्र आमच्या दारावरून न्यायची तो विसरला.

पण मला सांगायचं आहे ते त्या बुधवारच्या संध्याकाळचं. मंजुळाबाई दवाखान्यात पोराजवळ थांबली आणि अक्का मुक्कामाला आमच्याकडे आली. नको नको म्हटलं तरी स्वयंपाकघरात शिरली आणि भाकऱ्या थापायला बसली. जीवराम नेहमीच्या वेळेला आला. हातपाय धुऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभा राहिला. घरात आम्हीच, बाहेरचं कुणी ऐकायला नव्हतं. अगदी बारीक आवाजात म्हणाला, "फुई, कव्हय उनी तू?"

फुई, कधी आलीस. नऊ वर्षांत त्याच्या तोंडून अहिराणीचं आख्खं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

अक्काने तव्यावरची भाकरी उलटली. मग स्वच्छ, एकेक अक्षर वेगळं ठेवून, पुस्तकातल्यासारख्या मराठीत म्हणाली, "या बाई सकाळी आल्या." सकाळीतला ळ तिने जीभ टाळ्याला पूर्ण टेकवून म्हटला. "आपण बसावं. जेवण तयार आहे."

तो पाटावर बसला. मी ताट वाढलं. हेही आले आणि जेवू लागले. जीवराम खाली मान घालून भाकरी मोडत होता. ती मोडत होती, पण तोंडात जात नव्हती. अक्का मात्र आग्रह सोडत नव्हती, पाहुण्याला करावा तसा. "आपल्याला भाजी आवडली का? संकोच करू नये. मीठ बेताचं आहे ना?"

"फुई..." तो म्हणाला.

"भाकरी आहे ना आपल्या ताटात?"

त्याने ताटाकडे पाहिलं. आख्खी भाकरी तशीच पडलेली, चुरा झालेली.

"शे," तो म्हणाला.

अक्काने ऐकलंच नाही असं केलं, तवा उतरवला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "पीठ उरेल शे वं, पोरी. तुले आखो एक टाकू का?"